नवे डिटेक्टर खरोखर अधिक खोलवरचे सोने शोधतात का?

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात बॅलराट, बेंडिगो, डनॉली, किंगोवर या गावांच्या आसपास डिटेक्टर फिरवून जमिनीतले सोने हुडकणारे हौशी लोक आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात दर चार-पाच वर्षांनी एकच वाद नव्याने रंगतो. बाजारात नवे यंत्र येते, ते आधीच्या यंत्रापेक्षा अधिक खोलवरचे सोने शोधते असे सांगितले जाते, त्याची किंमत अर्थातच चढी असते, आणि जुने यंत्र वापरणारे मात्र आपले यंत्रही तेवढ्याच खोलीवरून सोने काढते असे ठासून सांगतात. माइनलॅब या मूळच्या ॲडलेडच्या कंपनीने २०१५ मध्ये जीपीझेड ७००० हे यंत्र आणले, तेव्हा आपल्याच जीपीएक्स ५००० च्या तुलनेत ते जास्तीत जास्त ४० टक्के अधिक खोल जाते, असा तिचा दावा होता. किंमत होती सुमारे १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. माझ्या मते या वादातले दोन्ही पक्ष बहुधा खरेच बोलत असतात. फक्त ते वेगवेगळ्या सोन्याबद्दल आणि वेगवेगळ्या मातीबद्दल बोलत असतात. हे कसे, ते समजून घ्यायचे तर यंत्र जमिनीशी नेमके काय करते, तिथून सुरुवात करावी लागते.

यंत्राच्या दांड्याला खाली जी चपटी तबकडी असते तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तिलाच सगळे कॉइल म्हणतात. सोन्यासाठीच्या बहुतेक दमदार यंत्रांत या कॉइलमधून क्षणभर विद्युतप्रवाह सोडतात आणि तो एकदम तोडतात. असे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू असते. प्रवाह तुटताच कॉइलभोवतीचे चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि त्या बदलामुळे जवळपासच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. हे प्रवाह काही मायक्रोसेकंदांत, फार तर काही मिलिसेकंदांत, विरून जातात. पण विरता विरता त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र कॉइलमध्ये किंचित व्होल्टेज उमटवते. तेवढ्याच व्होल्टेजवरून यंत्र हेडफोनमधला सूर वरखाली करते. म्हणजे यंत्र जमिनीत 'पाहत' वगैरे काही नाही. ते वरून क्षेत्र पाठवते आणि खालून येणारा अगदी बारीक प्रतिसाद ऐकते.

खोलीचे सगळे गणित या जाण्या-येण्यात दडलेले आहे. कॉइलपासून लांब जावे तसे तिचे क्षेत्र झपाट्याने दुबळे होते, आणि सोन्यातून निघालेला प्रतिसाद वर येताना पुन्हा त्याच प्रमाणात दुबळा होतो, त्यामुळे मार दोनदा बसतो. नेहमीच्या वापरातली ११ इंची कॉइल घ्या. तिचा व्यास सुमारे २८ सेंटिमीटर आणि त्रिज्या १४ सेंटिमीटर. तोच सोन्याचा तुकडा कॉइलच्या अगदी मध्यभागी धरला तर जो संकेत मिळेल, त्याच्या एक अष्टमांश संकेत १४ सेंटिमीटर खोलीवरून मिळतो, २८ सेंटिमीटरवरून १२५ वा हिस्सा, आणि ४२ सेंटिमीटरवरून १,००० वा हिस्सा. ५६ सेंटिमीटरवर पोहोचेपर्यंत तो जवळजवळ ५,००० वा हिस्सा झालेला असतो. त्याहून खोल गेले की अंतर दुप्पट झाल्यावर संकेत ६४ पटींनी घटतो, कारण तो अंतराच्या सहाव्या घाताने कमी होत जातो.

आता ४० टक्क्यांचा दावा या मापाने मोजून पाहा. एखादा तुकडा जुन्या यंत्राला ४२ सेंटिमीटरवर जेमतेम ऐकू येत असेल, तर तोच तुकडा सुमारे ५९ सेंटिमीटरवर ऐकू येण्यासाठी नव्या यंत्राला गोंगाटाच्या, म्हणजे नको असलेल्या इतर संकेतांच्या, तुलनेत सुमारे साडेसहा पट चांगला संकेत मिळवावा लागेल. साडेसहा टक्के नव्हे, साडेसहा पट. कॉइलमधला प्रवाह दुप्पट केला तर काय होते, हेही याच हिशेबाने निघते: ४२ सेंटिमीटरची मर्यादा साडेपाच-सहा सेंटिमीटरने पुढे सरकते, बस्स. त्यासाठी तारेच्या रोधात चौपट ऊर्जा जळते, बॅटरी लवकर बसते आणि कॉइल तापते. दुसरा मार्ग संकेताची सरासरी काढण्याचा. अनेक स्पंदांचा, म्हणजे प्रवाहाच्या अशा क्षणिक झटक्यांचा, प्रतिसाद एकत्र केला तर स्वैर गोंगाट कमी होतो, पण तो वर्गमुळाच्या हिशेबाने. साडेसहा पट सुधारणा हवी असेल तर सुमारे ४२ पट अधिक वेळ ऐकत राहावे लागेल. कॉइल तुकड्यावरून जाते ती सेकंदापेक्षाही कमी वेळात, तेव्हा एवढा वेळ मिळणार कुठून?

शिवाय ताकद वाढवण्यात एक मोठी मेख आहे. मांडवातल्या ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवला की बोलणाऱ्याच्या शब्दांबरोबर माइकने टिपलेली कुजबुजही तेवढीच मोठी होते. तसेच इथे होते, कारण सोन्याबरोबर मातीही प्रतिसाद देते आणि पाठवलेले क्षेत्र दुप्पट केले की मातीचा प्रतिसादही दुप्पट होतो. विजेच्या तारांमुळे, वादळामुळे किंवा शेजारच्या डिटेक्टरमुळे येणाऱ्या गोंगाटावर ताकदीने मात करता येते; मातीवर करता येत नाही. आणि ऑस्ट्रेलियाच्या सोनेरी मुलखात खरा शत्रू मातीच आहे.

तिथल्या लाल मातीत आणि लोहयुक्त खड्यांत मॅग्नेटाइट व मॅगहेमाइट या चुंबकीय खनिजांचे कण असतात. त्यांतले अतिसूक्ष्म कण कॉइलच्या स्पंदाने चुंबकित होतात आणि स्पंद थांबल्यावर ती चुंबकीयता लगेच सोडत नाहीत, हळूहळू सोडतात. याला चुंबकीय श्यानता म्हणतात. भूसुरुंग शोधणाऱ्या पथकांनाही जांभ्याच्या प्रदेशात याच गोष्टीचा जाच होतो. मातीच्या या प्रतिसादाचा उतार सोन्याच्या प्रतिसादाच्या उतारापेक्षा वेगळा असतो: माती साधारणपणे काळाच्या व्यस्त प्रमाणात शांत होत जाते, तर सोन्याचा भरीव तुकडा ठरावीक वेळात ठरावीक हिश्श्याने विरतो. या फरकाचा फायदा घेऊन यंत्र स्पंदानंतरच्या वेगवेगळ्या क्षणांचे संकेत टिपते आणि त्यांची अशी वजाबाकी करते, की मातीचा भाग शून्यावर यावा व सोन्याचा उरावा.

माझ्या मते या क्षेत्रातली खरी उडी १९९५ मध्ये पडली. माइनलॅबच्या एसडी २००० ने तेव्हा हे तंत्र सोने शोधणाऱ्यांच्या हातात दिले. त्याआधीची यंत्रे अखंड लहरी पाठवणारी होती. चुंबकीय खनिजांनी भरलेल्या लाल मातीवर ती इतकी कुरकुरत, की लोक त्यांची संवेदनशीलता उतरवून ठेवत आणि त्याबरोबर खोलीही गमावत. नवे यंत्र त्याच जमिनीवर शांतपणे चालू लागले, आणि आधी दहादा फिरून झालेल्या जागांतून पुन्हा सोने निघू लागले. हा फरक थेट खोलीचा होता, त्यात शंका नाही. त्यानंतरच्या प्रत्येक यंत्राकडून लोकांनी अशाच उडीची अपेक्षा ठेवली, आणि निराशेचे मूळ बहुतेक इथेच आहे. कारण मातीचा जो मोठा अडसर एकदा दूर झाला तो पुन्हा दूर करता येत नाही.

तरीही सुधारायला जागा उरली होती. मातीची वजाबाकी फुकट होत नाही. ज्या तुकड्याचा विरण्याचा वेग योगायोगाने मातीच्या हिशेबाशी जुळतो, तो तुकडाही त्या वजाबाकीत नाहीसा होतो. हे भोक प्रत्येक यंत्रात कुठे ना कुठे असते. जीपीएक्स मालिकेतल्या यंत्रांत स्पंदांच्या लांबीचे आणि संकेत टिपण्याच्या क्षणांचे निरनिराळे संच दिलेले असतात. 'टायमिंग' बदलणे म्हणतात ते हेच. एका संचात हरवलेला तुकडा दुसऱ्या संचात सापडू शकतो. जीपीझेडने तर स्पंद पाठवून शांत बसण्याची पद्धतच सोडली आणि क्षेत्राची दिशा चटकन उलटवून ते स्थिर असताना ऐकण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे जुन्या यंत्रांना कुठल्याच टायमिंगमध्ये नीट न ऐकू येणारे काही तुकडे त्याला स्पष्ट ऐकू येऊ लागले.

हे तुकडे कोणते, याचे उत्तर सोन्याच्या आकारात आहे, आणि माझ्या दृष्टीने हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. शुद्ध सोन्याची २ मिलिमीटर व्यासाची गोळी वजनाला सुमारे ०.०८ ग्रॅम भरते. तिच्यातले भोवरी प्रवाह सुमारे ५ मायक्रोसेकंदांत एक तृतीयांशाच्या आसपास उतरतात. १ सेंटिमीटर व्यासाची गोळी सुमारे १० ग्रॅमची. तिला तेवढेच उतरायला सुमारे १३० मायक्रोसेकंद लागतात. प्रवाह तोडल्यावर कॉइलमधला स्वतःचा धक्का ओसरून यंत्र ऐकायला लागेपर्यंत १० मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ गेला असेल, तर लहान गोळीचा बहुतेक आवाज तोवर संपलेला असतो. मोठ्या गोळीचा मात्र जवळजवळ सगळा शिल्लक असतो. शिवाय निसर्गातले सोने गोळीसारखे गुळगुळीत क्वचितच असते. ते पानासारखे पातळ असते, तारांसारखे असते, स्पंजासारखे सच्छिद्र असते किंवा गारगोटीत शिंपडल्यासारखे विखुरलेले असते. अशा सोन्यात प्रवाहाला मोठा वळसा घालता येत नाही, आणि म्हणून १० ग्रॅमचा सच्छिद्र तुकडा यंत्राला अर्ध्या ग्रॅमच्या भरीव दाण्यासारखा भासू शकतो.

वादाची गाठ इथे सुटते. भरीव, मोठा तुकडा आणि शांत माती असेल तर १९९० च्या दशकातले चांगले यंत्र आणि आजचे यंत्र यांच्या खोलीत फार फरक पडत नाही. अंतराच्या सहाव्या घातापुढे दोघांचेही फारसे काही चालत नाही. पण तुकडा सच्छिद्र किंवा बारीक असेल, किंवा माती फारच चुंबकीय असेल, तर जुन्या यंत्राला तो १० सेंटिमीटरवरही ऐकू येत नसताना नवे यंत्र तो २५ सेंटिमीटरवरून काढू शकते. त्या तुकड्यापुरता हा फायदा ४० टक्क्यांहूनही मोठा आहे. जाहिरातीतला 'जास्तीत जास्त' हा शब्द म्हणून लक्षपूर्वक वाचावा: तो खोटा नसतो, पण तो सर्वांत अनुकूल तुकड्याचे माप सांगतो, तुम्हाला सापडणाऱ्या सरासरी तुकड्याचे नव्हे. २०२१ मध्ये आलेल्या जीपीएक्स ६००० कडेही याच नजरेने पाहावे लागते. त्याची कीर्ती मुख्यतः बारीक सोन्यासाठी आहे, आणि शिवाय ते सुमारे २.१ किलो वजनाचे आहे, तर जीपीझेड ३.३ किलोच्या आसपास. दिवसभर उन्हात कॉइल झुलवणाऱ्या हाताला हा सव्वा किलोचा फरक चांगलाच कळतो, आणि थकलेला हात कॉइल उचलून फिरवतो. कॉइल जमिनीपासून ५ सेंटिमीटर वर गेली की ५ सेंटिमीटर खोली गेली. प्रवाह दुप्पट करून मिळवलेला जवळजवळ सगळा लाभ त्यातच संपला.

कॉइलचा आकार बदलून मात्र खोली खरोखर बदलते. ११ इंचांच्या जागी १८ इंचांची कॉइल लावली, वेढे आणि प्रवाह तेवढेच ठेवले, तर ४२ सेंटिमीटर खोलीवरचा संकेत कागदावर साडेचार पट होतो. प्रत्यक्षात मोठ्या कॉइलला वेढे कमी द्यावे लागतात, म्हणून लाभ त्याहून कमी पडतो. पण तो खरा असतो. त्याची किंमतही तिथेच वसूल होते: त्याच हिशेबाने ५ सेंटिमीटरवरच्या बारीक दाण्याचा संकेत निम्म्याहूनही कमी होतो, आणि मोठी कॉइल माती व हवेतला गोंगाटही जास्त गोळा करते.

मोठ्या शोधांचा इतिहास पाहिला तर खोलीचे महत्त्व आणखीच कमी वाटू लागते. मोलियागुल येथे १८६९ मध्ये जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना मिळालेला 'वेलकम स्ट्रेंजर' हा ७० किलोच्या आसपास शुद्ध सोने देणारा गोळा जमिनीखाली जेमतेम ३ सेंटिमीटरवर होता. किंगोवरचा 'हँड ऑफ फेथ' हा २७.२ किलोचा गोळा १९८० मध्ये डिटेक्टरनेच सापडला, तो सुमारे ३० सेंटिमीटर खोलीवर, आणि तोही स्पंदयंत्रे येण्यापूर्वीच्या गॅरेट कंपनीच्या यंत्राने. २०१३ च्या जानेवारीत बॅलराटजवळ ५.५ किलोचा तुकडा जीपीएक्स ५००० ने सुमारे ६० सेंटिमीटरवरून काढला गेला. आणि २०२३ मध्ये व्हिक्टोरियातच एका हौशी माणसाला सुमारे २.६ किलो सोने असलेला ४.६ किलोचा दगड मिळाला, तेव्हा त्याच्या हातात स्वस्तातले साधे यंत्र होते. चार उदाहरणांवरून नियम काढू नये हे खरेच. पण जमिनीचा स्वभावही त्याच दिशेला बोट दाखवतो. त्या भागात अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ असतो आणि सोने खालच्या चिकणमातीवर किंवा खडकाच्या माथ्यावर येऊन थांबलेले असते. खडक ३० सेंटिमीटरवर असेल तर ६० सेंटिमीटर खोल ऐकणारे यंत्र तिथे काय अधिक देणार?

तुलनेच्या चाचण्यांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण बहुतेक गैरसमज त्यांतूनच जन्मतात. नाणे किंवा सोन्याचा तुकडा हवेत कॉइलपुढे धरून अंतर मोजण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिच्यात मातीच नसते. म्हणजे ज्या गोष्टीत यंत्रांचा खरा कस लागतो तीच गाळलेली असते. खड्डा खणून तुकडा पुरण्याची पद्धत त्याहून बरी, मात्र खणलेली माती विस्कटलेली असते आणि तिचा चुंबकीय ताल आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळा होतो, त्यामुळे कधी कधी यंत्र तुकड्याऐवजी खड्ड्यालाच प्रतिसाद देते. वर्षानुवर्षे पुरलेल्या सोन्याभोवती प्रतिसाद वाढवणारे वलय तयार होते, असेही सांगितले जाते. लोखंड गंजते म्हणून त्याच्याबाबत तसे काही म्हणता येईल, सोने गंजतच नाही.

सर्वांत भरवशाची पद्धत कंटाळवाणी आहे. एका यंत्राने न खणलेला एखादा अंधुक संकेत गाठायचा, जागेवर खूण करायची, यंत्र बंद करून दूर ठेवायचे, आणि मग दुसरे यंत्र त्याच मातीला जुळवून घेऊन तिथून फिरवायचे. ते फिरवणाऱ्याला खूण दिसू नये, म्हणजे कान आपल्याच अपेक्षेला बळी पडत नाहीत. दोन्ही यंत्रांचा निकाल लिहून झाल्यावरच खणायचे, आणि तुकडा निघाल्यावर खोली, वजन आणि त्याचा पोत तिन्ही नोंदवायचे. यंत्रांचा क्रमही उलटवायचा. कधी जुने यंत्र आधी, कधी नवे. बऱ्याच संकेतांखाली बंदुकीची जुनी गोळी किंवा खिळा निघतो, त्यामुळे या चाचणीला दिवस नव्हे, हंगाम लागतो. म्हणूनच अशा चाचण्या कमी होतात आणि हवेतल्या चाचण्या जास्त.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्यात लोहाची तीच खनिजे भरपूर असतात आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट असते, त्यामुळे अखंड लहरींचे स्वस्त यंत्र इथे आणले तर ते व्हिक्टोरियाच्या लाल मातीवर करायचे तशीच कुरकुर करणार. आणि ५० फूट खोलीवरचे किंवा अर्ध्या किलोमीटरवरचे गुप्तधन दाखवणारी म्हणून जी यंत्रे लाखो रुपयांना गळ्यात मारली जातात, त्यांच्याबद्दल वरचे गणितच पुरेसे आहे. मुठीएवढ्या सोन्यासाठी खोली सेंटिमीटरांत मोजावी लागते तिथे ५० फूट म्हणजे १५ मीटर. वरच्या उदाहरणातल्या ४२ सेंटिमीटरपासून तिथवर जायचे तर संकेत सुमारे दीड अब्ज पटींनी सुधारावा लागेल. असल्या यंत्राची अँटेना वळते ती धरणाऱ्याच्या मनगटाने. गोल्फचे चेंडू शोधणारे म्हणून विकले जाणारे एक खेळणे बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, तो मामला याच जातीचा. आणि जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने आपल्यावर आहेच.

मेलबर्नच्या बाजूला राहणारे आणि सुट्टीत डनॉलीकडे जाणारे मराठी वाचक मला विचारतील, की मग घ्यावे काय? ज्या जागा जुन्या स्पंदयंत्रांनी अनेकदा चाळून झाल्या आहेत आणि जिथून पूर्वी सच्छिद्र किंवा गारगोटीतले सोने निघाले आहे, तिथे नवे यंत्र आपली किंमत भरून काढण्याची शक्यता आहे, कारण तिथले उरलेले सोने खोल आहे म्हणून नव्हे, तर जुन्या यंत्रांना बहिरे ठेवणारे आहे म्हणून उरले आहे. भरीव सोन्यासाठी आणि मातीचा थर जाड असलेल्या जागांसाठी मात्र वापरलेले जीपीएक्स ५००० किंवा त्याआधीचे ४५००, त्याला एक ११ इंची आणि एक १८ इंची कॉइल, हा खर्च मला अधिक शहाणपणाचा वाटतो. वाचलेल्या पैशांतून चांगले हेडफोन घ्यावेत, आणि कॉइल गवतावरून नव्हे, गवत बाजूला सारून मातीला टेकत फिरवावी.